कोर्टाचा मान आणि गरिबाचा मान

न्यायाच्या आसनाचा मान राखला पाहिजे, हें कोणीहि शहाणा मनुष्य कबूल करील. ज्या गांवांत पंचांचा निवाडा कोणी ऐकत नाहीं, त्या गांवांत दांडग्याचें राज्य होतें आणि दुबळ्याचें शेत बांधाबांधानें सरकत नाहींसें होतें. म्हणून कोर्टाचा हुकूम मोडणारास शिक्षा करण्याचा अधिकार कोर्टाला असावा, याविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. कोर्टाचा मान राखण्याच्या नांवाखालीं जी मान कापली जाते ती कोणाची? हुकूम पाळण्याची ऐपत असून तो लाथाडणाऱ्या मस्तवालाची, कीं ऐपतच नसलेल्या गरिबाची? या एका प्रश्नावर बेअदबीच्या साऱ्या कायद्याची परीक्षा होते.

ही परीक्षा करण्यासाठीं आज आम्ही वाचकांस अमेरिकेंतील कौंट्यांमध्यें घेऊन जाणार आहों. कोणी म्हणेल, मास्तर, आपल्या तालुक्याचें पाहावें कीं सातासमुद्रांपलीकडची उठाठेव करावी? त्यांस आमचें सांगणें असें कीं, त्यांचा बेअदबीचा कायदा व आपला कायदा हे दोन्ही इंग्रजांच्या एकाच जुन्या घराण्यांतले. चुलत भावाच्या घराची भिंत कोठें खचली हें पाहिलें, म्हणजे आपल्या भिंतीला ओल कोठें येते तें वेळेवर कळतें.

कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा मुलखाचा विभाग. अशा कौंट्या त्या देशांत ३,००० हून अधिक आहेत. बहुतेक कौंटींत कोर्ट भरतें व कौंटीचा तुरुंग असतो. आणि शेरीफ नांवाचा अंमलदार, जो बहुतेक ठिकाणीं लोकांनीं मतें देऊन निवडलेला असतो, तो कोर्टाचे हुकूम बजावतो व माणसें पकडून आणतो. सामान्य माणसाची न्यायाशीं गांठ पडते ती वॉशिंग्टनच्या संगमरवरी महालांत नव्हे, या कौंटीच्या कोर्टांत. तेथें जें घडतें तोच त्याच्यापुरता न्याय.

आतां बेअदबीचे प्रकार पाहूं. एक प्रकार असा कीं, कोर्टानें सांगितलें, पैसे भर, कागद आणून दे, मुलाला त्याच्या आईकडे पोंचव. आणि तो मनुष्य करीत नाहीं. त्याला कोर्ट तुरुंगांत घालतें तें करावयास लावण्यासाठीं. केलें कीं दार उघडलें. तिकडचे वकील म्हणतात, अशा कैद्याच्या कोठडीची किल्ली त्याच्याच खिशांत असते. याला दिवाणी बेअदबी म्हणतात. दुसरा प्रकार असा कीं, जें घडावयाचें तें घडून गेलें. कोणीं न्यायाधीशाला शिवी दिली, कोणीं खोटा कागद दाखल केला. येथें शिक्षा मागच्या कृत्याची, तिला मुदत ठरलेली. ही फौजदारी बेअदबी.

दिवाणी प्रकरणाची चाल सोपी दिसते. विरुद्ध पक्ष अर्ज करतो; कोर्ट 'कारण दाखवा' म्हणून हुकूम काढतें; तो बजावला जातो; तारीख पडते; न्यायाधीश दोन्हीकडचें ऐकतो. मग कधीं मुदत मिळते, कधीं हप्ते बांधून मिळतात, कधीं शिक्षा सांगून ती तहकूब ठेवतात आणि कधीं शेरीफच्या माणसाबरोबर सरळ तुरुंगाची वाट. कागदावर सारें ठीक. पण खिशांत किल्ली आहे कीं नाहीं हें कोणीं तपासावयाचें? खिसाच फाटका असला तर?

साउथ कॅरोलिना संस्थानांतील ओकोनी कौंटीचें उदाहरण घ्या. तेथील कुटुंब न्यायालयानें २००३ सालीं एका बापाला हुकूम केला कीं, मुलाच्या पोटगीसाठीं दर आठवड्यास ५१ डॉलर ७३ सेंट द्यावेत. पैसे थकले. त्याला पुनःपुन्हा बेअदबीखालीं आणलें. कधीं त्यानें कसेबसे भरले, एकदां सहा महिन्यांची शिक्षा पुरती भोगली. २००८ च्या जानेवारींत तो पुन्हा उभा राहिला तेव्हां थकबाकी ५,७२८ डॉलर ७६ सेंट झाली होती. त्याच्याजवळ वकील नव्हता. मुलाच्या आईजवळहि नव्हता. आपण व्यसनांत सांपडलों, पाठ मोडली, जें थकलें त्याबद्दल वाईट वाटतें, असें कांहींसें तो बोलला. न्यायाधीशानें बारा महिन्यांचा तुरुंग सांगितला; सारी थकबाकी भरलीस तर सुटशील, असेंहि सांगितलें. हुकुमाच्या छापील फॉर्मावर एक जागा होती: या मनुष्यास पैसे देण्याची ऐपत आहे कीं नाहीं तें येथें लिहावें. ती जागा कोरीच राहिली!

वाचकहो, त्या कोऱ्या जागेकडे नीट पाहा. बारा महिने एका माणसाचें आयुष्य कोंडून ठेवणारा हुकूम, आणि ज्या एका गोष्टीवर तो हुकूम उभा राहावयाचा ती गोष्ट कोणीं विचारलीच नाहीं. शाळेंत पाटी न आणणाऱ्या मुलाला छडी मारण्यापूर्वीं, बाळ, घरीं पाटी आहे का, एवढें तरी मास्तरानें विचारलें पाहिजे. घरीं पाटी असून आणली नाहीं तर छडीला कांहीं अर्थ आहे. पाटीच नसेल तर छडीनें पाटी उत्पन्न होत नाहीं. मुलगा मात्र उद्यांपासून शाळेंत येत नाहीं.

येथें आम्ही त्या आईची बाजू विसरत नाहीं. लेकराला दोन वेळां भाकर लागते आणि ती कोर्टाच्या दयेवर थांबत नाहीं. जो बाप दारूला पैसे काढतो आणि दुधाला काढीत नाहीं, त्याला तुरुंग दाखवलाच पाहिजे. पण ज्याच्यापाशीं खरोखर नाहीं त्याला कोंडल्यानें त्या मुलाच्या ताटांत काय पडलें? बापाची मजुरी बंद झाली. सुटून आल्यावर तुरुंगांतून आलेला म्हणून कोणी कामावर ठेवीना. थकबाकीचा आकडा मात्र जेथल्या तेथें. आई उपाशी, मूल उपाशी, बाप कोठडींत, आणि कोर्टाचा मान राहिला! असा मान आम्हांस नको.

हा बाप अपील करीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथें २० जून २०११ रोजीं, टर्नर विरुद्ध रॉजर्स या नांवानें, पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल लागला. तोंपर्यंत बारा महिने भोगून तो केव्हांच बाहेर आला होता. तरीहि त्याची शिक्षा कायद्याला धरून नव्हती असें न्यायालयानें ठरविलें. न्यायालय म्हणालें कीं, अशा दिवाणी प्रकरणांत समोरच्या पक्षालाहि वकील नसतां सरकारनें प्रत्येक गरिबाला वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. परंतु त्याच्या बदलीं चार गोष्टी कराव्या: ऐपत हाच मुख्य मुद्दा आहे हें त्यास आधीं कळवावें, त्याची मिळकत लिहून घेणारा फॉर्म द्यावा, त्यावर बोलण्याची संधि द्यावी, आणि ऐपत आहे असें न्यायाधीशानें स्पष्ट शब्दांत लिहिल्याशिवाय तुरुंगांत घालूं नये. विरुद्ध बाजूला सरकारच वकील घेऊन उभें असेल तर काय, हा प्रश्न न्यायालयानें खुलाच ठेवला.

आम्ही या निकालाला अर्धी भाकर म्हणतों. ज्या माणसाला फॉर्म वाचतां येत नाहीं त्याला फॉर्म देऊन काय उपयोग? तरी अर्धी भाकरहि उपाशी माणसाला लहान नाहीं. कोरी जागा यापुढें कोरी ठेवतां येत नाहीं, एवढें तरी त्या बापानें आपल्या बारा महिन्यांच्या मोलानें मिळविलें.

आतां याच्या शेजारीं श्रीमंताचें प्रकरण ठेवून पाहा. पेनसिल्व्हेनियांतील डेलावेअर कौंटींत एका वकिलाच्या घटस्फोटाच्या खटल्यांत कोर्टानें हुकूम केला कीं, २५ लक्ष डॉलर कोर्टाच्या ताब्यांत आण. तो म्हणाला, तो पैसा परदेशीं धंद्यांत बुडाला. कोर्टाला तें पटलें नाहीं. पैसा दडवला आहे असें त्यानें ठरविलें. १९९५ च्या एप्रिलपासून २००९ च्या जुलैपर्यंत, चौदा वर्षांहून अधिक काळ, हा मनुष्य दिवाणी बेअदबीखालीं तुरुंगांत राहिला. त्याच्यावर कोणत्याहि गुन्ह्याचा खटला झाला नाहीं. शेवटीं, आतां कितीहि ठेवला तरी हा पैसा आणणार नाहीं, म्हणजे कोंडण्याचा हेतूच संपला, असें पाहून न्यायाधीशानें त्यास सोडलें.

यांतून दोन धडे मिळतात. पहिला, 'किल्ली तुझ्या खिशांत आहे' असें म्हणत म्हणत मुदतीवांचूनची कैद किती लांब जाऊं शकते! खून करून सुद्धां कित्येक याहून लवकर सुटतात. दुसरा धडा आमच्या बहुजन वाचकांनीं विशेष ध्यानांत धरावा. २५ लक्ष डॉलरच्या प्रकरणांत त्या माणसाची ऐपत पुनःपुन्हा तपासली गेली. अर्जावर अर्ज, अपिलावर अपील झालें. २००२ सालीं संघसरकारच्या अपील कोर्टानेंहि तें प्रकरण हातीं घेतलें. आणि ओकोनींतल्या गरिबाच्या पांच-सहा हजार डॉलरांसाठीं एक ओळहि लिहिली गेली नाहीं. मोठ्या रकमेची चौकशी मोठी आणि लहान माणसाची चौकशीच नाहीं, हा जगाचा न्याय झाला; कोर्टाचा न्याय असा असतां कामा नये.

पैशाची गोष्ट झाली, आतां मानाची. अलाबामा संस्थानांतील एटोवा कौंटींत, गॅड्सडेन येथें, १९६३ च्या जून महिन्यांत मेरी हॅमिल्टन नांवाची एक बाई साक्षीस उभी होती. काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठीं झगडणाऱ्या 'कोअर' या संस्थेची ती कार्यकर्ती. त्या मुलखांतील कोर्टांत रीत अशी होती कीं, गोऱ्या बाईला 'मिस' किंवा 'मिसेस' म्हणून आडनांवानें बोलवावयाचें आणि काळ्या बाईला नुसत्या नांवानें हांक मारावयाची. सरकारी वकिलानें तिला 'मेरी' म्हणून प्रश्न केला. ती म्हणाली, माझें नांव मिस हॅमिल्टन आहे. मला नीट हांक मारा म्हणजे उत्तर देईन. न्यायाधीशानें वकिलाला समज दिली नाहीं. तिलाच उत्तर देण्याचा हुकूम केला. तिनें दिलें नाहीं. झाली बेअदबी! तेथल्या तेथें पांच दिवसांचा तुरुंग व ५० डॉलर दंड.

ज्या मुलखांत एकाला 'या रावसाहेब' आणि दुसऱ्याला 'अरे रामा' अशी हांक पिढ्यान् पिढ्या मारली गेली, त्या मुलखांतल्या वाचकांस या प्रकरणाचें मर्म फोडून सांगावयास नको. म्हाताऱ्या शेतकऱ्याला कचेरींतला मिसरूड न फुटलेला कारकून 'अरे-तुरे' करी आणि म्हातारा हात जोडून 'जी साहेब' म्हणे, हें चित्र आपल्या वाडवडिलांनीं पाहिलेलें आहे. हॅमिल्टनबाईनें हात जोडले नाहींत. तिनें शिवी दिली नाहीं, आरडाओरड केली नाहीं. समोरच्या बाकावरील गोऱ्या बाईला जें आपोआप मिळतें तें तिनें मागितलें. अलाबामाच्या वरिष्ठ कोर्टानें शिक्षा कायम केली. पण ३० मार्च १९६४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. त्याच्या आदल्याच वर्षीं, व्हर्जिनियांतील एका कोर्टांत गोऱ्यांसाठीं राखलेल्या जागीं बसून उठण्यास नकार देणाऱ्या एका काळ्या मनुष्याची बेअदबीची शिक्षाहि त्याच न्यायालयानें रद्द केली होती. सांगावयाचा मुद्दा हा कीं, कोर्टाचा अपमान आणि कोर्टांत चाललेल्या अन्यायाचा अपमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो न्यायाधीश दोहोंची गल्लत करतो, तो स्वतःच आपल्या आसनाचा मान घालवितो.

याचें मूळ एका दोषांत आहे. बेअदबींत फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही तिन्ही सोंगें पुष्कळदां एकाच अंगावर चढतात. ज्याला राग आला तोच रागाचें मोल ठरवितो. मिशिगनमधील ओकलंड कौंटींत एका न्यायाधीशानें बंद दाराआड एका साक्षीदाराची चौकशी केली. त्याचें बोलणें खरें वाटेना म्हणून त्याच बैठकींत, वकील नाहीं, बचाव नाहीं, त्याला ६० दिवस तुरुंगांत पाठविलें. १९४८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मोडून काढलें. शिकागो ज्या कुक कौंटींत आहे तेथें खोटें मृत्युपत्र दाखल केल्याबद्दल एकाला ज्यूरीवांचून २४ महिन्यांची शिक्षा झाली. १९६८ सालीं तीहि रद्द झाली आणि भारी शिक्षा द्यावयाची तर ज्यूरीपुढें खटला चालवा असें ठरलें. सहा महिन्यांची रेघ तेव्हांपासून ओढली गेली. पेनसिल्व्हेनियांत एका आरोपीनें खटल्यांत न्यायाधीशाला वाटेल तसें अद्वातद्वा सुनावलें. खटला संपल्यावर त्याच न्यायाधीशानें त्यास ११ ते २२ वर्षें सांगितलीं! १९७१ सालीं वरिष्ठांनीं म्हटलें कीं, ज्याच्या काळजाला एवढें लागलें आहे त्यानें हा निवाडा करूं नये. दुसऱ्या न्यायाधीशानें करावा. हें शहाणपण आपल्या गांवच्या पंचांनाहि ठाऊक असतें. भावकींतला तंटा असला म्हणजे त्या भावकीचा पंच आपण होऊन पारावरून खालीं उतरतो.

यावर कित्येक वकील मंडळी म्हणतील कीं, न्यायाधीशाचे हात असे बांधले तर लबाड मोकाट सुटतील. आम्ही म्हणतों, उलट. ऐपतीची चौकशी हें दुधारी हत्यार आहे. गरिबाची लंगोटी जशी तींत दिसते, तशीच लबाडानें बायकोच्या नांवावर केलेली जमीन व मेव्हण्याच्या नांवावर घेतलेली मोटरहि दिसते. चौकशीला भिणारा गरीब आम्हीं पाहिला नाहीं; भितो तो लबाडच.

आपल्या इकडची स्थिति थोडक्यांत सांगतों. आपला बेअदबीचा कायदा १९७१ चा. त्याखालीं शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनापासून माफी मागितली तर सोडूनहि देतां येतें. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टाची बेअदबी झाली तर या कायद्याखालील शिक्षा हायकोर्ट करतें. म्हणजे ज्याला लागलें त्याच्या हातीं ही काठी नाहीं. हायकोर्टाच्या समोरच बेअदबी घडली, तर आपलें प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशापुढें चालावें असा अर्ज करण्याची सोयहि या कायद्यांत आहे. इतक्यापुरतें आपलें घर चुलत भावाच्या घराहून बरें बांधलेलें आहे.

पोटगीचें प्रकरण मात्र बेअदबीच्या कायद्याबाहेर चालतें आणि गरिबांची खरी गर्दी तेथें असते. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाप्रमाणें, पुरेशा कारणावांचून पोटगी थकविली तर दर महिन्याच्या थकबाकीसाठीं एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते. 'पुरेशा कारणावांचून' हे दोन शब्द म्हणजे आपल्या कायद्यांतली ती कोरी जागा होय. ती भरलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं, रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यांत, दोन्ही पक्षांनीं आपली मिळकत व देणें यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें असा दंडक घातला आहे. तो पाळला गेला तर आईला भाकर मिळेल आणि निर्धन बापाची निष्कारण कैद टळेल.

म्हणून आमचें मागणें, मग कौंटी अमेरिकेची असो वा तालुका आपला असो, एवढेंच आहे. पहिलें, नोटीस माणसाच्या भाषेंत असावी आणि ऐपत हाच मुद्दा आहे हें तींत ठळक अक्षरांत असावें. दुसरें, 'देत नाहीं' आणि 'देववत नाहीं' यांतला भेद न्यायाधीशानें स्वतः लिहून सही करावी. तिसरें, ज्याचा अपमान झाला त्यानें निवाडा करूं नये. चौथें, तुरुंगाचें दार दाखविण्यापूर्वीं गरिबाला वकील द्यावा.

आणि आमच्या शेतकरी-मजूर बांधवांस दोन शब्द. कोर्टाची नोटीस आली कीं माळ्यावर टाकून परगांवीं जाऊं नका. जो हजर राहात नाहीं त्याची ऐपत कोणी तपासत नाहीं. त्याची गैरहजेरीच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. मजुरीच्या दिवसांचा हिशेब, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कर्जाचे कागद, सातबाऱ्याचा उतारा घेऊन तारखेस उभे राहा. सगळे नसले तर असतील तेवढे पैसे भरून पावती घ्या. थोडे भरणारा आणि मुळींच न भरणारा यांत कोर्टहि भेद करतें. वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या मास्तराकडे जा. कागद वाचून दाखविणें हें त्याचें कामच आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग, अटकेंतले लोक व ठराविक मर्यादेच्या आंत उत्पन्न असलेले गरीब यांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीकडे त्यासाठीं अर्ज करावयाचा असतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. तो मागण्यास लाजूं नका.

कोर्टाचा मान भीतीनें राहात नाहीं. भीतीनें माणूस वांकतो, पण पाठ वळली कीं थुंकतो. ज्या कोर्टांत फाटक्या पागोट्याच्या माणसाला नीट नांवानें हांक मारली जाते, त्याचें म्हणणें पुरतें ऐकलें जातें आणि त्याच्या रिकाम्या खिशाची नोंद कागदावर होते, त्या कोर्टाचा हुकूम तो उपाशी राहूनहि पाळील. मान द्यावा, मग मागावा.